फिशिंग लायसन्सच्या नावाखाली ११९ डॉलर गेले: न्यू जर्सीत आई-वडील येणार असतील तर जरूर वाचा

मे महिन्यात माझे वडील, अण्णा, चिपळूणहून आमच्याकडे न्यू जर्सीला चार महिन्यांसाठी आले. वय ६७. सगळा जन्म वाशिष्ठीच्या काठी गेलेला. शाळेत शिकवत होते तेव्हाही आणि निवृत्तीनंतरही, गरवायला जाणं हा त्यांचा एकुलता एक नाद. इथे आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, आणि अण्णा दिवसभर खिडकीशी. पंधरा दिवसांत त्यांचा चेहरा उतरला. म्हटलं, शनिवार-रविवार अण्णांनी आणि मी गळ घेऊन बाहेर पडायचं. इथे मासे धरायला परवाना लागतो एवढं ऐकून होतो. त्यापुढचं काहीच माहीत नव्हतं, आणि तिथेच मी सापडलो.

रात्री जेवणं आटोपल्यावर फोनवर शोधलं आणि सगळ्यात वर जी साइट आली ती उघडली. तिच्या नावाशेजारी बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ होतं, ते नंतर दिसलं. राज्याचा नकाशा, माशाचं चित्र, आणि एकेक प्रश्न. राज्याचे रहिवासी की बाहेरचे? गोडं पाणी की खारं? ट्राउट धरणार का? वय ६५ च्या पुढे आहे का? अण्णांचं वय घातलं तर लगेच ‘ज्येष्ठ नागरिक सवलत लागू’ म्हणून हिरवी खूण उमटली. इतकं नेमकं विचारतायत म्हणजे सरकारीच असणार, असं मला वाटलं. दोघांची नावं, जन्मतारखा, पत्ता, फोन, कार्ड, सगळं दिलं. दोघांचं गोड्या पाण्याचं आणि खाऱ्या पाण्याचं मिळून ११८.८० डॉलर कापले गेले.

पाच मिनिटांत ईमेलवर २६ पानांची पीडीएफ आली. पहिल्या पानावर आमची नावं आणि ऑर्डर क्रमांक, पुढे माशांची चित्रं आणि नियम. त्यात एक नियम असा होता की परवाना अंगावरच्या कपड्यावर सहज दिसेल असा लावावा. अण्णांनी तो दोनदा वाचून घेतला. मी छापून आणलेल्या पहिल्या पानाच्या त्यांनी चार नीट घड्या घातल्या, भाकरीच्या पिठाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा चौकोन कापून त्यात तो कागद बसवला आणि सेफ्टी पिनने शर्टाच्या खिशावर लावला. आरशात बघून सरळ केला.

डेलावेअर अँड रॅरिटन कालव्यावर गेलो. तासाभरात अण्णांना दोन सनफिश लागले, तळहाताएवढे. फार दिवसांनी ते मोकळेपणी बोलत होते. तेवढ्यात कॉन्झर्वेशन पोलीस ऑफिसर, म्हणजे मासेमारी-शिकारीचे नियम बघणारा राज्याचा पोलीस, चालत आला, नमस्कार-चमत्कार झाले आणि त्याने परवाना मागितला. अण्णांनी छाती किंचित पुढे केली. त्याने वाकून कागद वाचला, मग माझ्याकडे वळून विचारलं, यावर सीआयडी नंबर कुठे आहे?

इथे मासे धरणाऱ्या प्रत्येकाला राज्याकडून कॉन्झर्वेशन आयडी, म्हणजे सीआयडी, नंबर मिळतो आणि तो परवान्यावर छापलेला असतो. आमच्या कागदावर होता तो त्या साइटचा ऑर्डर क्रमांक. ऑफिसरने पीडीएफ फोनवर उघडायला लावली, शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. फिकट राखाडी अक्षरात लिहिलं होतं की आम्ही सरकारी संस्था नाही, हे फक्त माहितीपत्रक आहे. आम्ही परवाना विकत घेतलाच नव्हता. परवाना कसा घ्यावा हे सांगणारी पुस्तिका घेतली होती.

माणूस चांगला होता. दंडाची पावती फाडू शकला असता, पण तोंडी समज देऊन सोडलं आणि मासे पाण्यात सोडायला सांगितले. इंग्रजीतलं बोलणं अण्णांना पुरतं कळलं नाही, पण काय ते समजलं. त्यांनी मासे सोडले, गळ गुंडाळले, पिन काढून खिशात टाकली. गाडीत एवढंच म्हणाले, “अरे, पोलिसाने हटकलं आयुष्यात पहिल्यांदा.” ११९ डॉलरपेक्षा मला हे जास्त लागलं. म्हणून लिहितोय.

आता पैशांचा हिशोब बघा. न्यू जर्सीत गोड्या पाण्यासाठी १६ ते ६९ वयाच्या रहिवाशाला आणि १६ किंवा त्याहून मोठ्या बाहेरच्या माणसाला परवाना लागतो. रहिवाशाला वर्षाचे २२.५० डॉलर, बाहेरच्याला ३४. ट्राउट धरायची तर वेगळा स्टॅम्प: रहिवाशाला १०.५०, बाहेरच्याला २०. आणि खाऱ्या पाण्यासाठी परवानाच नाही! तिथे फक्त सॉल्टवॉटर रजिस्ट्रीत नाव नोंदवायचं असतं, आणि ते फुकट. जे सरकार फुकट देतं त्याचेच आमच्याकडून माणशी ३५ डॉलर घेतले होते. ‘ज्येष्ठ नागरिक सवलत’ही खोटी. ती या राज्याच्या रहिवाशांना आहे. सत्तरी ओलांडलेल्या रहिवाशांना परवाना लागत नाही हे खरं, पण त्या भरवशावर पाहुण्या आलेल्या आजी-आजोबांच्या हातात गळ देऊ नका. व्हिजिटर व्हिसावर आलेले आपले आई-वडील बाहेरचेच धरले जातात.

या साइट नेमक्या याच गोंधळावर जगतात, कारण प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. आपला परवाना कधीही घ्या, ३१ डिसेंबरला संपतो. शेजारी न्यू यॉर्कमध्ये घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. डेलावेअर नदीवर न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनिया, कुठलाही एक चालतो, पण नदी सोडून उपनदीत शिरलात की ज्या राज्याची ती, त्याचाच हवा. नवख्याला हे कुठून कळणार?

साइटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट-गव्ह, म्हणजे सरकारी साइटची खूण, आहे का बघा, असं सगळे सांगतात. इथे तेवढ्यावर भागत नाही. न्यू जर्सी फिश अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या विभागाचं पान डॉट-गव्हवर आहे, पण प्रत्यक्ष परवाना विकणारं राज्याचं अधिकृत पोर्टल डॉट-कॉम आहे. त्यामुळे शोधून मिळालेल्या दुव्यावरून थेट विक्रीच्या पानावर जाऊच नका. आधी विभागाच्या पानावर जा, तिथल्या दुव्यावरून पुढे. नाहीतर सरळ गळ-आमिष विकणाऱ्या अधिकृत दुकानात जा. मी शेवटी तेच केलं. दुकानदाराने दहा मिनिटांत दोन्ही परवाने छापून दिले, सीआयडी नंबरासकट.

फसवणूक तिथे थांबली नव्हती. पुढच्या महिन्याच्या कार्डाच्या हिशोबात २९.९५ डॉलर ‘सदस्यत्वा’चे दिसले. बँकेला फोन करून कार्ड बंद केलं आणि दोन्ही रकमांवर लेखी तक्रार नोंदवली. क्रेडिट कार्डावर चुकीची रक्कम लागली तर ती ज्या स्टेटमेंटमध्ये आली, ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं, हे लक्षात ठेवा. सदस्यत्वाचे पैसे बरेच जण महिनोन्‌महिने बघतच नाहीत. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्र सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनकडेही तक्रार केली. हा धंदा नवा नाही: सरकारी कामं करून देतो म्हणून पैसे घेऊन हातात नुसती पीडीएफ टेकवणाऱ्या साइटच्या एका जाळ्यावर याच कमिशनने डिसेंबर २०१९ मध्ये फ्लोरिडात खटला भरला होता. सदस्यत्वाचे पैसे मला परत मिळाले. ११८.८० अजून अडकलेत, कारण साइटवाल्यांचं म्हणणं की पुस्तिका तर दिली! दोघांच्या जन्मतारखा आणि फोन नंबर त्यांच्याकडे गेले ते गेलेच. अण्णांच्या नंबरवर अजून भलतेसलते फोन येतात.

पाहुणे थोड्याच दिवसांसाठी येणार असतील तर आणखी एक गोष्ट: वर्षातून दोन दिवस, एक जूनमध्ये आणि एक ऑक्टोबरमध्ये, इथे परवान्याशिवाय गोड्या पाण्यात मासे धरता येतात. तारखा विभागाच्या पानावर असतात. माशांच्या मापाचे आणि संख्येचे नियम त्या दिवशीही पाळावेच लागतात.

जुलैत आम्ही समुद्रावर, सँडी हूकला गेलो. निघण्याआधी अण्णांना शेजारी बसवून खाऱ्या पाण्याच्या रजिस्ट्रीत दोघांची नावं घातली. त्यांनी चष्मा लावून पडदा नीट वाचला आणि विचारलं, “याचे किती पडले?”

“काही नाही, अण्णा.”

“परत बघ.”

परत बघितलं. मग त्यांनी तो कागद छापायला सांगितला आणि पिन शोधायला आत गेले.