अध्ययन अक्षमतेची कार्यशाळा : पहिला दिवस लांबलेला, दुसरा सोन्यासारखा

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडणं. ती ओळखायला शिकवणारी, जळगावात बी.एड.च्या छात्राध्यापकांसाठी झालेली ही दोन दिवसांची कार्यशाळा आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, जाण्याआधी जरूर करावी. पहिला दिवस मात्र निम्म्यावर आणायला हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार वाचून दाखवण्यातच सकाळ संपली. ते पुस्तकात आहेतच.

दुसऱ्या दिवशी नावं झाकलेल्या, तिसरी-चौथीच्या खऱ्या वह्या हातात आल्या. एका वहीत ‘शाळा’ दर वेळी ‘शाया’, ‘केळी’ दर वेळी ‘केयी’. बहुतेकांनी तिथेच लाल खूण केली. पण ही अक्षमता नव्हेच. घरी अहिराणी बोलणारं पोर कानावर पडतं तसं लिहितं, आणि नेमानं एकसारखं लिहितं. शेजारच्या वहीत ‘शाळा’ तीन ओळींत तीन तऱ्हांनी : ‘शळा’, ‘शाल’, ‘ळशा’. घ-ध, भ-म यांची अदलाबदल, ‘पिशवी’ची ‘पशिवी’. ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी नि उच्चारायची नंतर, तिथेच हे मूल अडकतं. तोंडी गोष्ट मात्र खडाखडा सांगतं. नोंद घ्यायची ती या मुलाची. खानदेशात शिकवणाऱ्याला हा फरक आधी कळायला हवा. नंदुरबारकडे भिली, पावरी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर अधिकच.

नोंदीची पद्धतही नीट शिकवली : तारीख, काय वाचायला दिलं, किती वेळ लागला, कोणती चूक कितीदा. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. ‘लक्ष नाही’, ‘आळशी’ असले शेरे बाद. आधी डोळे-कान तपासायचे, मग नोंदी मुख्याध्यापकांमार्फत विशेष शिक्षकांकडे द्यायच्या. निदान आपण करायचं नाही, हे तीनदा बजावलं ते फार बरं केलं.

गणनअक्षमता, म्हणजे आकड्यांत अडणं, मात्र अर्ध्या तासात उरकली. मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतो, म्हणून पहिली-दुसरीत २७ चे ७२ होणं नेहमीचंच. चौथीतही तेच चालू असेल आणि काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधूनही उलगडा होत नसेल, तर शंका घ्यावी. एवढं तरी सांगायला हवं होतं.

चाळीस जणांत वह्या बाराच होत्या. पुढच्या तुकडीनं सराव पाठाच्या शाळेतून परवानगी घेऊन, नाव झाकलेल्या दोन-तीन वह्यांच्या झेरॉक्स सोबत न्याव्यात.