नर्सिंग महाविद्यालय पाहायला जाताना: रुग्णालयाच्या आवारातले की शहराबाहेरचे?

बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी देऊन पसंतीक्रम भरायला बसलेल्या विद्यार्थ्यासमोर नागपुरात ढोबळमानाने दोन प्रकारची महाविद्यालये असतात. एक मोठ्या रुग्णालयाच्या आवारातच असलेले, आणि दुसरे रिंग रोडच्या पलीकडे प्रशस्त जागेत उभे राहिलेले, ज्याचे विद्यार्थी पोस्टिंगसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष सरावासाठी, बसने शहरात येतात. अभिमत विद्यापीठांची गोष्ट सोडली, तर दोन्हीकडे पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच मिळते आणि अभ्यासक्रमही भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेला असतो. त्यामुळे माहितीपुस्तिका कितीही बारकाईने वाचल्या, तरी फरक हाती लागत नाही. तो पाहायला प्रत्यक्ष जावे लागते. मी प्रवेशाच्या वेळी दोन्ही प्रकारची महाविद्यालये पाहिली होती.

शहराबाहेरच्या महाविद्यालयाची भेट सुखद असते, हे आधीच मान्य करतो. फाटकावर नाव नोंदवले की कोणीतरी सोबतीला येते, पालकांना कूलरसमोर बसवून पाणी दिले जाते (जूनमधल्या नागपुरात तेवढ्यानेही निम्मे मत अनुकूल होते), आणि मग ग्रंथालय, संगणक कक्ष, वसतिगृह असा ठरलेला फेरा होतो. मी पाहिलेल्या ठिकाणची फंडामेंटल लॅब, म्हणजे प्राथमिक कौशल्यांच्या सरावाची खोली, देखणी होती. खाटा ओळीत, चादरींचे कोपरे नीट दुमडलेले, ट्रे झाकलेले. फक्त इंजेक्शनच्या सरावासाठी ठेवलेल्या रबरी हातावर सुईची एकही खूण दिसली नाही. साहित्य नवे आलेले असू शकते, म्हणून त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. पण रुग्णालयाच्या आवारातल्या महाविद्यालयात तसाच हात टोचून टोचून पांढुरका पडलेला आणि मनगटाशी चिकटपट्टी लावलेला पाहिला, तेव्हा मला तो अधिक विश्वासाचा वाटला.

रुग्णालयाच्या आवारातल्या या महाविद्यालयात मात्र स्वागताची अपेक्षा ठेवू नये. सुरक्षारक्षक आधी ‘कोणत्या वॉर्डात जायचे’ असे विचारतो, कार्यालयातले लिपिक संकेतस्थळ पाहायला सांगतात, आणि प्राचार्यांची भेट मिळालीच तर ती उभ्याउभ्या होते. वॉर्डात कोणी नेत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तेथे रुग्ण असतात. जी माहिती मिळते ती कँटीनमध्ये, पांढऱ्या गणवेशातल्या वरच्या वर्गातल्या मुलामुलींकडून.

माझा निर्णय ज्या गोष्टीवर ठरला ती वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे: बसची वेळ. शहराबाहेरच्या त्या महाविद्यालयातल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी सकाळच्या पोस्टिंगविषयी विचारले, तेव्हा त्यांनी सहजपणे सांगितले, “आम्ही पोचतो तोवर ओव्हर झालेला असतो.” त्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. ज्यांनी वॉर्डाची सकाळ पाहिली आहे त्यांना मात्र याचा अर्थ कळेल. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला एकेका खाटेपाशी थांबून ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, देते, त्यातच रात्री कोणाचा ताप चढला, कोणाचे सलाईन बंद केले, कोणाला शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवले आहे आणि कोणाची लघवी मोजून लिहायची आहे, हे सगळे समजते. ते ऐकले नाही तर पुढचे काही तास विद्यार्थी टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) घेतो, बीपी लिहितो, चादरी बदलतो, पण समोरचा माणूस त्याच्यासाठी केवळ खाटेचा क्रमांक राहतो. परतीची बसही ठरल्या वेळी निघत असल्याने ड्रेसिंग निम्म्यावर सोडून धावावे लागते, असेही त्यांच्याच बोलण्यात आले. मी ज्या महाविद्यालयात शिकलो, तेथून वॉर्ड चालत पाच मिनिटांवर होता, आणि आमच्या इन्चार्ज सिस्टर ओव्हर संपताच विद्यार्थ्याकडे वळून “सात नंबरचं सांग” म्हणत. त्या एका सवयीने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही वर्गाने शिकवले नाही, असे निदान माझ्यापुरते तरी म्हणता येईल.

याची दुसरी बाजूही आहे. रुग्णालयाच्या आवारात विद्यार्थी हा हाताशी असलेला जादा माणूस ठरतो. नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, रिपोर्ट आणणे, स्ट्रेचर ढकलणे यांत त्याच्या कित्येक सकाळी जातात. शहराबाहेरच्या महाविद्यालयात शिक्षक सोबत येतात, प्रत्येक प्रोसिजर स्वतः करून दाखवतात आणि विद्यार्थ्याला नावाने ओळखतात. ज्याला हात धरून शिकवलेले मानवते, त्याला ते ठिकाण अधिक लाभेल, हे मी नाकारणार नाही. शिवाय बसचा प्रवास पूर्णपणे कोणालाच चुकत नाही. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी प्रादेशिक मनोरुग्णालयात आणि सामुदायिक परिचर्येसाठी खेड्यात सर्वांनाच जावे लागते. मुलांनी मात्र वसतिगृहाची चौकशी पहिल्यांदा करावी, कारण ‘वसतिगृह उपलब्ध’ याचा अर्थ अनेकदा केवळ मुलींसाठी उपलब्ध, इतकाच असतो.

भेटीचा दिवस शक्यतो कामकाजाचा निवडावा, आणि शहराबाहेरचे महाविद्यालय पाहायचे असेल तर सकाळी आधी त्याच्या पोस्टिंगच्या रुग्णालयाच्या फाटकावर उभे राहून बस किती वाजता येते हे पाहावे. संलग्न रुग्णालयात खाटा किती, यापेक्षा त्यांवर रुग्ण किती असतात हे विचारावे. परिषदेच्या निकषानुसार एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असायला हवेत, आणि रिकाम्या खाटा त्यात धरता येत नाहीत. 2021 च्या सुधारित अभ्यासक्रमात आठवे सत्र इंटर्नशिपचे आहे, 22 आठवडे आणि आठवड्याला 48 तास, म्हणून ते सत्र कोणत्या रुग्णालयात होते, त्यात रात्रपाळी असते का आणि रात्रपाळीसाठी बस सुटते का, हेही विचारून घ्यावे. शुल्काची चौकशी सगळेच करतात. फक्त बस, मेस आणि गणवेश यांचे पैसे त्यात धरले आहेत की वेगळे, हे कार्यालयातून लेखी मागावे.