डीएमपी सुरू करताय? मग आधार कुणाचा घ्यायचा: ऑनलाइन ग्रुप, डेटर्स ॲनॉनिमसची मीटिंग की आपला माणूस

यूकेत राहणाऱ्या आणि क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, ओव्हरड्राफ्ट हे सगळं मिळून हाताबाहेर गेलंय अशा आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. डीएमपी म्हणजे डेट मॅनेजमेंट प्लॅन (सगळ्या कर्जांना मिळून परवडेल असा एकच कमी हप्ता) घ्यायचा हे ज्यांचं ठरलंय किंवा ठरत आलंय त्यांच्यासाठी. तो कुणाकडून घ्यायचा हा प्रश्न तसा सोपा आहे. स्टेपचेंज किंवा पेप्लॅन या कर्जसल्ला देणाऱ्या संस्था, दोन्हीकडे फुकट मिळतो, आणि सगळं स्वतःच करायचं असेल तर नॅशनल डेटलाइन ही कर्जसल्ल्याची हेल्पलाइन पत्रांचे नमुने देते, तेही फुकट. त्यामुळे फी घेणाऱ्या कंपनीच्या वाटेला जायचं काही कारणच नाही.

अवघड असतात ते सुरुवातीचे काही महिने. कारण डीएमपी कायद्याने बंधनकारक नसतो, तुम्ही कमी हप्ता देणार म्हणून बँकेने व्याज थांबवलंच पाहिजे असं काही नाही, बरेच जण थांबवतात पण लगेच नाही, आणि मधल्या काळात पत्रं येत राहतात, फोन येत राहतात, आणि तुम्हाला वाटतं आपण प्लॅन घेतला तरी हे का चाललंय, काहीतरी चुकलंय का. सगळ्यात जास्त लोक इथेच कच खातात. पोटात गोळा येतो आणि मग कुणीतरी एका कार्डाला गुपचूप जास्त पैसे भरतं, कुणी प्लॅनच सोडतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्लॅनचा फॉर्म भरतानाच आपला आधार कुणाचा हेही ठरवून ठेवा.

ऑनलाइन ग्रुप, जिथे सगळेच कर्जात आहेत

मी स्वतः डीएमपीमध्ये आहे आणि सुरुवातीला मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला, त्यामुळे यावर जरा जास्तच लिहिणार आहे. इथे नाव सांगावं लागत नाही. रात्री साडेअकराला झोप लागत नसेल तेव्हा कुणीतरी जागं असतं. आणि मुख्य म्हणजे तिथल्या लोकांना पत्रं ओळखता येतात.

उदाहरण डिफॉल्ट नोटीसचं घ्या. कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ खाली येणारं हे पत्र, भाषा एकदम कडक, थकबाकी भरायला किमान १४ दिवस दिलेले असतात, आणि पहिल्यांदा हातात पडलं की वाटतं आता संपलं सगळं, बेलिफ (सामान जप्त करू शकणारे वसुली अधिकारी) दारात येणार. ग्रुपमध्ये लिहिलं की पाच मिनिटांत दोन-तीन जण सांगतात, अगं हे आलंच पाहिजे होतं, हे कोर्टाचं पत्र नाही, आणि खरं तर लवकर आलं ते बरंच झालं. बरं का तर डिफॉल्ट क्रेडिट फाइलवर नोंदला की ती नोंद त्या तारखेपासून ६ वर्षांनी जाते, कर्ज फिटलेलं असो वा नसो. पण बँकेने डिफॉल्ट न नोंदता नुसती 'अरेंजमेंट टू पे' अशी खूण करत ठेवली तर कर्ज फिटेपर्यंत ती खूण चालू राहते आणि नंतर पुन्हा ६ वर्षं दिसते. लांबलचक प्लॅनमध्ये हा फरक फार मोठा आहे. हे समजून घ्यायला सोपं नाही, आणि यातून आधी गेलेला माणूस ते ज्या साध्या शब्दांत सांगतो तसं माहितीपत्रकात सापडत नाही.

दुसरं म्हणजे खर्चाचा तक्ता. फॉर्ममध्ये महिन्याचं बजेट भरायचं असतं आणि आपण लाजेपोटी सगळं कमी-कमी लिहितो. केस कापायचे शून्य, कपडे शून्य, मुलांच्या वाढदिवसाच्या गिफ्ट शून्य. ग्रुपवाले लगेच हटकतात, असं बजेट तीन महिने पण टिकणार नाही, शाळेचा युनिफॉर्म धर, गाडीचा एमओटी धर, थोडी बचत पण धर, तिला तक्त्यात जागा असते. आणि ज्या बँकेचं कर्ज आहे तिथे पगार जमा होत असेल तर आधी दुसऱ्याच बँकेत साधं खातं उघड, नाहीतर ओव्हरड्राफ्टवाली बँक आलेला पगार स्वतःच्या थकबाकीत वळता करून घेऊ शकते. हे मात्र प्लॅन सुरू व्हायच्या आधीच करायचं.

आता धोके. एक, इंग्लंड आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत आणि ग्रुपमध्ये ते सर्रास एकमेकांत मिसळतात. इंग्लंड-वेल्समध्ये मे २०२१ पासून ब्रीदिंग स्पेस आहे, ६० दिवस व्याज आणि वसुली थांबते, पण ते सल्लागारामार्फतच मिळतं. स्कॉटलंडमध्ये वेगळी डेट अरेंजमेंट स्कीम आहे जी कायद्याने बांधलेली आहे. ग्लासगोत राहून लंडनवाल्याचं ऐकलं तर गोंधळ होणारच. दोन, मेसेजमध्ये येऊन 'माझं ८५ टक्के कर्ज सरकारी योजनेत माफ झालं, या नंबरवर फोन कर' सांगणारे. हे तुमच्यासारखे कर्जात बुडालेले लोक नसतात, आयव्हीए (कर्जाचा काही भाग फेडून बाकी माफ करून घ्यायचा कायदेशीर करार) विकणारे असतात. ऑक्टोबर २०२३ पासून एफसीए या वित्तीय नियामकाने अशा डेट पॅकेजर कंपन्यांना, म्हणजे कर्जदार गाठून आयव्हीएवाल्यांकडे पाठवणाऱ्यांना, रेफरल फी घ्यायला बंदी केलीय, तरी जाहिराती फिरतातच, सरळ ब्लॉक करा. तीन, आपले जे खास प्रश्न आहेत, म्हणजे भारतातलं एज्युकेशन लोन, गावी आईबाबांना दरमहा पाठवायचे पैसे, व्हिसा आणि आयएलआर (कायम राहायची परवानगी), यातलं तिथे कुणालाच धड माहीत नसतं आणि तरी उत्तरं मिळतात. व्हिसाचं इमिग्रेशन सल्लागारालाच विचारा. एवढं मात्र खात्रीने सांगते, कर्जाचा सल्ला घेणं म्हणजे पब्लिक फंड्स (व्हिसावर मनाई असलेले सरकारी भत्ते) घेणं नव्हे, त्यामुळे त्या भीतीने फोन करायचं टाळू नका.

डेटर्स ॲनॉनिमस

याला सगळे डीए म्हणतात. १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेलं, दारू सोडवणाऱ्या एए सारखंच बारा पायऱ्यांवर चालणारं. यूकेत मीटिंग होतात, फोनवर आणि झूमवर पण होतात, फी नाही, ज्याला जमेल तो थोडी देणगी देतो. ग्रुपपेक्षा हे फार वेगळं आहे. इथे पत्र कसं वाचायचं हे कुणी शिकवणार नाही, इथे विषय आहे आपण पुन्हा पुन्हा कर्ज का काढतो. रोज आलेला-गेलेला प्रत्येक पैसा लिहायचा, नवीन उधारी अजिबात नाही, आणि काही मीटिंग झाल्या की दोन जुने मेंबर तुमच्यासोबत बसून तुमचे आकडे बघतात, त्याला ते प्रेशर रिलीफ मीटिंग म्हणतात. हा भाग मला फार चांगला वाटतो कारण तिथे बजेटमध्ये कर्जफेडीच्या आधी तुमच्या स्वतःच्या गरजा मांडल्या जातात.

कुणासाठी? पगार आला की हात आवरत नाही, ऑनलाइन शॉपिंग किंवा बाय नाऊ पे लेटर बंदच होत नाही, आधी एकदा सगळं फेडून पुन्हा तिथेच आलात, तर ग्रुपपेक्षा हे बरं, आणि निर्णय लवकर घ्या. पण नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला म्हणून कर्ज झालं असेल तर तिथल्या गोष्टी ऐकताना हे आपलं नाही असं वाटू शकतं. जुगाराचा प्रश्न असेल तर गॅम्बलर्स ॲनॉनिमस वेगळं आहे, तिकडे जा. डीएमध्ये 'उच्च शक्ती' वगैरे भाषा येते, काहींना ती रुचते, काहींना नाही, एक-दोनदा बसून बघितल्याशिवाय कळणार नाही.

आपला माणूस: नवरा-बायको, मित्र, मंडळातलं कुणी

इथे दोन गोष्टी वेगळ्या करते. घरातल्या जोडीदाराला सांगायचं की नाही हा पर्याय आहे असं मी मानतच नाही. घरखर्चाचं बजेट दोघांचं असतं, एकाने लपवून पै-पै वाचवायची आणि दुसऱ्याने दिवाळीला भारताची तिकिटं बुक करायची, असा प्लॅन चालत नाही. लपवणाऱ्यांची मोठी भीती असते की तिची किंवा त्याची क्रेडिट फाइल पण खराब होईल. नुसतं लग्न झालंय किंवा एका पत्त्यावर राहता म्हणून तसं होत नाही, जॉइंट खातं किंवा जॉइंट लोन असेल तरच फाइल जोडली जाते. हे आधी सांगितलं तर पुढचं बोलणं बरंच सोपं जातं. अपवाद एकच, घरात पैशावरून धाक किंवा मारहाण असेल तर आधी सल्लागाराशी एकट्याने बोला.

मित्र आणि मंडळ ही दुसरी गोष्ट. मराठीत मन मोकळं करता येतं, 'लोक काय म्हणतील' हे समजावून सांगावं लागत नाही, हा फायदा खरा आहे. पण आपलं वर्तुळ लहान आहे, गणपतीला जे भेटतात तेच हळदीकुंकवाला भेटतात, आणि ऐकणारा लगेच म्हणतो, थांब मी देतो दोन हजार पौंड. कृपा करून घेऊ नका. एक तर ते नवीन कर्ज झालं, दुसरं म्हणजे मित्राचे आधी फेडायचे म्हणून बाकीच्यांचे हप्ते चुकतात आणि प्लॅन मोडतो. भिशी चालू असेल तर तीही सल्लागाराला सांगा, लपवून बजेटमध्ये कुठेतरी घुसडू नका, आणि उचल आधीच घेतली असेल तर ते पण सांगा. मी म्हणेन एकच मित्र निवडा, जो ऐकून घेईल आणि उपाय सुचवणार नाही, आणि पैसे देण्याचं बोलणं नको हे त्याला सुरुवातीलाच सांगा. लपून राहील का याची काळजी असेल तर एवढं लक्षात घ्या, आयव्हीए आणि डीआरओची (डेट रिलीफ ऑर्डर, कमी उत्पन्नवाल्यांची कर्जमाफी) नोंद इन्सॉल्व्हन्सी रजिस्टरवर जाते जे कुणीही बघू शकतं, डीएमपीची तशी सार्वजनिक नोंद नसते. तुम्ही सांगितल्याशिवाय मंडळात कुणाला कळायचं कारण नाही.

मग सल्लागार कशाला?

कारण वरचे तिघेही ठरवू शकत नाहीत अशा गोष्टी असतात. भाडं, काउन्सिल टॅक्स, गॅस-वीज हे आधी, कार्डं नंतर, यात ग्रुपचं मत चालत नाही. काउन्सिल टॅक्स थकला तर खरोखर बेलिफ येऊ शकतात, कार्डवाल्या वसुली कंपनीच्या माणसाला मात्र दारात येऊन बोलण्यापलीकडे अधिकार नसतो. आणि एक पत्र असं आहे की ते आलं तर ग्रुपमध्ये टाकत बसू नका: नॉर्थॅम्प्टनच्या कोर्ट सेंटरकडून येणारा क्लेम फॉर्म. उत्तर द्यायला १४ दिवस असतात, वेळेत पोच दिली तर एकूण २८, आणि दुर्लक्ष केलं तर सीसीजे, म्हणजे कर्ज फेडा असा कोर्टाचा निकाल, लागतो. त्याच दिवशी नॅशनल डेटलाइनला किंवा तुमच्या प्लॅनवाल्यांना फोन.

माझ्या मते कसं करावं सांगते. पहिल्या आठवड्यात जोडीदाराला सांगा, सल्लागाराकडून प्लॅन आणि बजेट करून घ्या, आणि सुरुवातीचे महिने अनोळखी लोकांचा ग्रुप. मंडळातल्या कुणाला नंतर सांगितलं तरी चालतं, घाई नाही. खर्चाचीच सवय असेल तर ग्रुपच्या जागी डीए. दोन्ही एकदम केलं तर बरेच जण थकतात. मन फारच खचलं, नको ते विचार यायला लागले तर समॅरिटन्स, ११६ १२३, चोवीस तास, फुकट. आणि मानसिक उपचार चालू असतील, तेही क्रायसिस पातळीचे, तर इंग्लंड-वेल्समध्ये वेगळी ब्रीदिंग स्पेस मिळते जी उपचार चालू असेपर्यंत आणि वर ३० दिवस टिकते, त्याबद्दल जीपीला किंवा क्रायसिस टीमला विचारा.

ग्रुप किती दिवस? पत्रं कमी झाली, फोन थांबले की तिथे रोज जायची गरज उरत नाही. उलट रोज नवीन लोकांची घाबरलेली पत्रं वाचून आपलं बरं झालेलं मन पुन्हा तिकडे जातं. वर्षातून एकदा प्लॅनचा रिव्ह्यू होतो, तेव्हा पगार किंवा भाडं बदललेलं असतं आणि तक्ता पुन्हा भरावा लागतो. त्याच्या आठवडाभर आधी ग्रुपमध्ये परत जा, यंदा लोकांनी वीजबिलाला किती धरलंय ते बघा, आणि तुमचा तक्ता जोडीदारासोबत टेबलावर बसून भरा.