‘ट्रिप्लेट’ म्हणून गळ्यात मारलेली प्लास्टिकची भिंगे

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही एका ऑनलाइन विक्रेत्याकडून हँड लेन्स मागवल्या. त्या व्यवहारात मुलांचे पैसे तर गेलेच, शिवाय पहिल्याच क्षेत्रभेटीतल्या नोंदीही बाद झाल्या. प्रत्येक भिंगाच्या चकचकीत चौकटीवर ‘३० एक्स, २१ मिमी, ट्रिप्लेट’ असे कोरलेले होते, म्हणजे तीसपट मोठे दाखवणारे, २१ मिलिमीटर रुंद आणि तीन भिंगे जोडून केलेले.

सिंहगडाच्या वाटेवर बेसाल्टमधील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेल्या दिसतात. काळ्या खडकातल्या अशाच एका पांढऱ्या ठिपक्याभोवती एका विद्यार्थिनीला जांभळी-पिवळी किनार दिसली आणि तिने ती वेगळे खनिज समजून मन लावून वहीत रेखाटली. माझ्या जुन्या दहापट ट्रिप्लेटमधून पाहताच किनार नाहीशी झाली. साधे एकेरी भिंग सर्व रंगांचा प्रकाश एकाच बिंदूवर आणू शकत नाही, आणि हाच दोष घालवण्यासाठी ट्रिप्लेटमध्ये तीन भिंगे जोडलेली असतात. चौकटीची कडी फिरवून उघडली, तर आत प्लास्टिकचे एकच भिंग निघाले.

चौकटीवरचा आकडाही खोटाच होता. खिडकीसमोर भिंग धरून लांबच्या झाडाची प्रतिमा कागदावर स्पष्ट पाडावी, भिंग आणि कागद यांतील अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे आणि २५० ला त्याने भागावे. भिंग साधारण किती पट आहे ते कळते. तीसपट भिंगाचे हे अंतर जेमतेम ८ मिलिमीटर हवे, आणि एवढ्या कमी अंतराचे भिंग २१ मिलिमीटर रुंद असून कडेपर्यंत स्वच्छ दिसणे व्यवहारात शक्यच नाही. आमच्या भिंगाचे अंतर सुमारे ४ सेंटीमीटर भरले, म्हणजे सहापटीच्या आसपास. क्षेत्रकामाला दहापट पुरते. त्याहून मोठा आकडा स्वस्तात दिसला, तर पैसे देण्याआधी ही मोजणी करा आणि आलेखाच्या कागदावरच्या रेषा कडेला वाकतात का, तेही पाहा.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने भिंगांवरच्या ओरखड्यांकडे बोट दाखवून ‘तुम्ही नीट वापरली नाहीत’ असे उत्तर दिले, याचा मला अजूनही संताप येतो. मुलांनी नियम पाळले होते: भिंग दोरीने गळ्यात, धूळ आधी फुंकणीने उडवायची, मगच मऊ कापड. धुळीतले क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे कण काचेपेक्षाही कठीण असतात, त्यामुळे सदऱ्याच्या टोकाने पुसलेली चांगली काचही खराब होते. प्लास्टिक तर सांभाळूनही टिकत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, उघडलेल्या भिंगाची छायाचित्रे आणि मोजणीची नोंद असे सगळे जपून ठेवले आहे. अशीच चौकट ज्यांच्या हाती आली असेल, त्यांनी ती फेकून न देता उघडून पाहावी आणि छायाचित्रांसह स्वतःची तक्रारही नोंदवावी.