कापडी हुड की फायबरचं छत? गोव्यात उघडी रेप्लिका ठेवणाऱ्यांसाठी

मे महिना लागला की उघडी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला छत आठवतं, आणि नेमकं तेव्हाच म्हापसा-मडगावच्या कुशनवाल्यांकडे जीपवाल्यांची आणि टपऱ्यांना ताडपत्री शिवून घेणाऱ्यांची गर्दी असते. म्हणून हा निर्णय दिवाळीनंतर, हातात वेळ असताना घेतलेला बरा. ज्यांची कोब्रा या जुन्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या घाटाची रेप्लिका, म्हणजे फायबर बॉडीची नक्कल, नुकतीच आली आहे किंवा अजून बांधायला टाकलेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पर्याय दोन: घडी करून बूटमध्ये (डिकीत) ठेवायचं कापडी हुड, किंवा नट-क्लॅम्पवर बसणारं, काढता-घालता येणारं फायबरचं छत. दोन्ही घेणं परवडत असेल तर प्रश्नच मिटला. बहुतेकांना एकावरच पैसे घालायचे असतात. मी दोन्ही वापरली आहेत. माझं घर फोंड्याच्या बाजूला, कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला लागून. गाडी पडवीतून पुढे काढलेल्या शेडमध्ये उभी असते. किनाऱ्यालगत मांद्रे-मोरजीला राहणाऱ्याचा अनुभव थोडा वेगळा असू शकेल, तेवढं धरून वाचा.

आधी हुड, कारण त्याची बाजू खरोखरच भक्कम आहे. मुख्य म्हणजे ते तुमच्याबरोबर असतं. ऑक्टोबरात दुपारी तीनपर्यंत लख्ख ऊन आणि चारला गडगडाट हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. मोले सोडून अनमोड घाट चढायला लागावं आणि समोर काळंकुट्ट आभाळ दिसावं, तेव्हा बूटमध्ये घडी आहे या विचाराने जो धीर येतो त्याला तोड नाही. हात बसला की कडेला थांबून काड्या खोचणं, कापड ताणणं, बटणं लावणं भराभर होतं. दिसतंही सुरेख. 1962 साली आलेल्या मूळ कोब्राचं हुडही असंच सुट्या सांगाड्याचं होतं, त्यामुळे रूपात विजोड काही वाटत नाही. शिवाय खर्च कमी. जीपचं हुड शिवणारा कुठलाही अनुभवी कुशनवाला, नीट कागदी साचा करून दिला तर, हे काम करू शकतो. फक्त दोरा पॉलिएस्टरचाच मागा. सुती दोरा आपल्या दमटपणात कुजतो, आणि शिवण उसवली की पाणी बरोब्बर मांडीवर येतं.

कापड कुठलं, यावर वाद घालणारे पुष्कळ. रेक्झिन उन्हात आखडतं आणि काही वर्षांनी घडीवर तडकतं, पण त्यावरची बुरशी फडक्याने पुसली जाते. तीन थरांचं कापड, म्हणजे बाहेर विणलेलं, मध्ये रबराचा थर आणि आत अस्तर, दिसायला श्रीमंत आणि घडीला मऊ. पण विणीत शिरलेलं पाणी लवकर निघत नाही. गोव्यासाठी मला रेक्झिन बरं वाटतं. दिसण्याला महत्त्व देणारे दुसरं घेतील, त्यात चूक काही नाही.

टिचबटणांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे फायबर बॉडीचं नुकसान होतं आणि ते कुणी आधी सांगत नाही. बटणाचा एक भाग कापडावर, दुसरा स्क्रूने बॉडीवर. जीपच्या पत्र्यात तो स्क्रू घट्ट बसतो. फायबरमध्ये त्याला धरायला जेमतेम थोड्या मिलिमीटरचा थर असतो. बाजारातली साधी बटणं पहिल्याच पावसाळ्यात गंजतात, पितळेची असली तर हिरवा थर धरतात, आणि मग दोन्ही भाग एकमेकांत अडकून बसतात. आपण कापड खेचतो. बटण सुटत नाही, स्क्रूच बाहेर येतो. बरोबर जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराचा, नखाएवढा तुकडा आणि भोकाभोवती चांदणीसारख्या बारीक चिरा. त्या चिरा रंगाखाली कायमच्या राहतात, घासून नवा जेलकोट भरल्याशिवाय जात नाहीत. यावर उपाय आहे: 316 ग्रेडची स्टेनलेस बटणं (304 खाऱ्या हवेत डाग धरते), आतून वॉशर-नट लावून आरपार बसवायची, भोकात सीलंट भरायचं, आणि पावसाळ्याआधी प्रत्येक बटणावर व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. उघडताना कापड खेचू नये, बटणाच्या कडेखाली बोट घालून उचलावं. एवढं केलं तर बटणं त्रास देत नाहीत. त्यामुळे केवळ बटणांसाठी मी हुड नाकारलं नसतं.

नाकारलं ते ओल्या घडीमुळे.

हुड पावसात भिजणारच, त्यासाठीच ते असतं. घरी आल्यावर ते पूर्ण वाळल्याशिवाय घडी करायची नाही, हे सगळ्याच पुस्तिकांत छापलेलं असतं, आणि ते लिहिणाऱ्याने आषाढातलं फोंडं बहुधा पाहिलेलं नसतं. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते. अशा हवेत शेडमध्ये ताणून ठेवलेलं हुड वरून कोरडं लागतं. हात फिरवला तर वाटतं वाळलं. पण शिवणींच्या दुमडीत, मागच्या पारदर्शक खिडकीभोवतीच्या दुहेरी पट्टीत आणि सांगाड्याची काडी जिथून जाते त्या कापडी बोगद्यात ओल तशीच असते. तिथे दोन बोटांनी दाबलं की कळतं. आणि अशीच घडी करून बूटमध्ये ठेवली की आठवड्याभरात तिथे काळे ठिपके उठतात. आधी शिवणीच्या रेषेवर मोहरीएवढे, मग ते एकमेकांत मिसळत जातात. वास तर सगळ्या गाडीला लागतो, सीटच्या फोममध्ये शिरतो आणि चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) जात नाही.

घडी न करता तसंच चढवून ठेवलं तर? केलं. मग खालची हवा कोंडते, गालिचा आणि डॅशबोर्ड ओलसर होतात, आणि ताणलेलं कापड सैल पडून मध्ये खळगा होतो. त्या खळग्यात पागोळीचं पाणी साचतं. व्हिनेगर पाण्यात मिसळून मऊ ब्रशने घासलं की ठिपके फिके होतात, पण पुन्हा ओल मिळाली की त्याच जागी परत येतात. ब्लीच वापरू नका, शिवणीचा दोरा दुबळा होतो. मागच्या खिडकीचं प्लॅस्टिक घडीत घासून दुधाळ होतं, त्यासाठी घडीत जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा ठेवायचा. तो तुकडाही ओल धरतो. म्हणजे एक सांभाळायला जावं तर दुसरं बिघडतं. सतत हुडाचाच विचार डोक्यात, पाऊस थांबला की आधी शेडकडे धाव, ऊन पडलं की गाडी बाहेर ढकल, ढग आले की आत घे. गाडी चालवण्याच्या आनंदावर या एका गोष्टीचं सावट पडत होतं. माझा निर्णय तिथेच झाला.

फायबरच्या छतालाही त्रास आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ते एकट्याने उचलता येत नाही. म्हणजे वजन फार असतं असं नाही, पण आकार अडनिडा, धरायला जागा नाही, आणि एका बाजूने टेकलं की मागच्या मडगार्डचा रंग गेलाच म्हणून समजा. आमच्याकडे भाऊ घरी असला की दोघं मिळून काढतो. काढलं की ठेवायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. मी शेडच्या वाशांना दोन कप्प्या लावून रुंद पट्ट्यांवर टांगतो. पोर्वरी-ताळगावच्या फ्लॅटमध्ये, खाली एकच पार्किंग असलेल्याला हे जमणं कठीण. आत आवाज घुमतो, इंजिनाची धडधड छताला आपटून कानात येते. उन्हात आत तापतंही. म्हणून रंग पांढरा किंवा फिका घ्यावा. आणि बसवणं काटेकोर लागतं. काचेच्या चौकटीवर रबरी बीडिंग सगळीकडे सारखं दाबलं गेलं नाही, तर झुआरी पुलावरच्या आडव्या वाऱ्यात शीळ वाजते आणि पाणीही तिथूनच शिरतं. पहिल्या पावसात कागदाचा कपटा बीडिंगमध्ये धरून छत बंद करा आणि कपटा ओढून पाहा. सहज निघाला ती जागा ढिली.

पण एकदा बसलं की बसलं. जूनच्या सुरुवातीला चढवायचं, चवथ होऊन ऊन स्थिरावलं की उतरवायचं. मध्ये काही वाळवायचं नाही, काही घडी करायचं नाही. भिजून आली गाडी, शेडमध्ये लावली, खिडक्यांचे पडदे काढून ठेवले, हवा खेळती राहिली, काम संपलं. आषाढातसुद्धा निवांतपणे पणजीला जाऊन येतो. हुडाच्या दिवसांत हे मनात आलं नसतं.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची, आणि इथे गोव्यात राहण्याचा फायदा आहे. मासेमारीच्या फायबरच्या होड्या मालीम, शापोरा, बेतूल इथल्या जेट्यांवर वर्षभर दुरुस्त होत असतात. रेझिन, काचतंतूंची मॅट, जेलकोट यांत हात मुरलेली माणसं तिथे आहेत. छताच्या कडेला चीर गेली, क्लॅम्पची जागा पोचट झाली, तर ते काम त्यांच्या दृष्टीने किरकोळ असतं. नवं छत करून घेणार असाल तर क्लॅम्प बसतात त्या जागी थर जास्त द्यायला सांगा आणि आत धातूची पट्टी पुरायला लावा. आतून फोमचं अस्तर मुळीच लावू नका, दोन पावसाळ्यांत ते लोंबतं आणि त्यात बुरशी घर करते. आतली बाजू गुळगुळीत करून फिका रंग दिला की फडक्याने पुसता येते.

मग कोरड्या दिवसांचं काय? नोव्हेंबर ते मे टोनो कव्हर, म्हणजे सीटांवर ताणून लावायचं सपाट झाकण, पुरतं. मधोमध चेन असलेलं घ्या, म्हणजे एकटे असताना शेजारची सीट झाकून फक्त चालकाची बाजू उघडी ठेवता येते. लाल माती आत येत नाही आणि उभ्या गाडीच्या सीट तापत नाहीत. खाली आधाराला एक काडी हवीच, नाहीतर अवकाळी सर आली की पाणी तळ्यासारखं साचतं. चालत्या गाडीत अचानक पाऊस गाठेल, तेवढं मात्र सोसावं लागतं. मी एखाद्या हॉटेलच्या वळचणीला थांबतो, टोनो लावतो आणि चहा घेतो. हुड असतं तर थांबावं लागलं नसतं, हे मान्य. या बाबतीत छताची बाजू लंगडी आहे. पण वर्षातले असे प्रसंग एकीकडे आणि चार महिन्यांची ओल दुसरीकडे, असं तोलून पाहिलं तर माझं पारडं कुठे झुकतं हे वेगळं सांगायला नको.

उभ्या गाडीवर घालायच्या कव्हरबद्दल थोडक्यात. ताडपत्री नको: आत वाफ कोंडते आणि वाऱ्यावर फडफडून रंग घासते. हवा जाऊ देणारं कव्हर घ्या, आणि चिऱ्याची लाल धूळ बसलेल्या गाडीवर ते कधीही ओढू नका, आधी पाण्याने धुऊन घ्या. त्या धुळीत कणी असते. बॉडी फायबरची असल्यामुळे आपण गंजाकडे दुर्लक्ष करतो, पण खालचा सांगाडा लोखंडी नळ्यांचाच असतो. किनाऱ्यावरून किंवा खाडीच्या फेरीबोटीतून आलात की खालून गोड्या पाण्याने धुवा आणि नळ्यांच्या आत मेणाचं संरक्षण मारून घ्या. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून इंजिनाजवळ डांबरगोळ्यांची पुरचुंडी.

सजावटीचा हात मात्र जपून चालवा. आरसे, स्टिअरिंग, सीटचं कापड यांत हौस भागवता येते. सीटला होड्यांवर वापरतात तसलं पाणी सोसणारं रेक्झिन लावलं तर उत्तम, आणि तळाला पाणी जायला भोकं ठेवून वर गालिच्याऐवजी रबरी मॅट. पण रंग बदललात तर तो आरसी बुकात नोंदवावा लागतो, आणि रचनेत फेरफार करायचा तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये काय बसतं ते आधी पाहावं लागतं. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर याबाबत कडकपणा वाढला आहे. रेप्लिकेकडे तसंही सगळ्यांचं लक्ष जातं. म्हणून छत कायमचं बोल्टने जखडण्यापेक्षा काढता येईल असंच ठेवा, आणि काम सुरू करण्याआधी आपल्या तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात चित्र दाखवून विचारून घ्या. नंतर निस्तरण्यापेक्षा ते सोपं पडतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल, मदतीला दुसरं माणूस नसेल, किंवा पावसाळ्यात गाडी बाहेरच काढायची नसेल, तर हुड घ्या. रेक्झिनचं, 316 ची बटणं लावून, आणि जूनमध्ये पूर्ण वाळवून घरात उलगडूनच टांगून ठेवा, घडी नको. बाकीच्यांना, म्हणजे ज्यांच्याकडे शेड आहे, वर वासे आहेत आणि आषाढातही गाडी चालवायची इच्छा आहे त्यांना, मी फायबरचं छत आणि टोनो हेच सुचवेन. छत करायला टाकताना गाडी स्वतः तिथे नेऊन, काचेची चौकट आणि दारं जागेवर असताना साचा घ्यायला लावा. फोटो आणि मापं पाठवून केलेलं छत कितीही चांगल्या हाताचं असलं तरी हाताने बांधलेल्या दोन रेप्लिका कधी सारख्या नसतात, आणि तो बोटभर फरक बीडिंगने भरून निघत नाही.