३८५ डॉलरचे ब्रेक पॅड आणि डब्यावरचा बारकोड

आधीच सांगून टाकतो, मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सप्लायर क्वालिटी बघतो, म्हणजे लेबल चुकलं म्हणून लोकांचा माल परत पाठवणं हाच माझा धंदा. आणि फसलो कोण, तर मीच. हसायचं तर हसून घ्या, ऑफिसात अजून कोणाला बोललो नाहीये.

गाडी १९६९ ची शेव्हर्ले शेव्हेल, ३९६ घन इंचांचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक मागे ड्रम. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी, असते, त्याच्या आत पुढचे पॅड बदलायचे होते. कुठले घ्यायचे यातच माझे तीन आठवडे गेले. ऑरगॅनिक शांत असतात, डिस्कही जपतात, पण तापले की पकड सोडतात. सेमी-मेटॅलिक तापल्यावर बरे पण आवाज करतात आणि डिस्क जास्त खातात. रेसिंगवाले गार असताना नीट धरतच नाहीत, सिग्नलला काय डोंबल उपयोग. सिरॅमिक म्हटलं की जुन्या गाड्यावाले नाक मुरडतात. एवढं डोकं पिकलेल्या माणसाला गंडवायला कितीसा वेळ लागतो.

तर जाहिरात अशी की "ओरिजिनल १९६९ चा न वापरलेला स्टॉक, फॅक्टरी डब्यासकट". आजोबांची डीलरशिप बंद पडली, माळ्यावर डबे सापडले, टोलिडोहून एक जण संध्याकाळी घ्यायला येतोय, पुढची गोष्ट तुम्हाला पाठ असेलच. ३८५ डॉलर, वर १८ कुरियरचे. कार्ड चालत नाही म्हणाला, बँकेच्या ॲपवरून थेट टाका. टाकले. ४०३. आता म्हणाल मूर्ख आहेस, पण मी फोटो मागितले होते हो, चार आले, चारही फोटोत डब्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा. मला वाटलं म्हातारा असेल बिचारा, फोटो काढता येत नसतील.

गुरुवारी डबा आला. किचन टेबलवर ठेवून उघडला. बाहेरून पिवळट, कोपरे मऊ पडलेले, आणि झाकण वर केलं तर आतली बाजू पांढरीशुभ्र. बायको म्हणाली, "अरे, आतून एवढा कोरा कसा?" मी म्हटलं, "अंधारात होता ना माळ्यावर." हे मी म्हटलं! मी!! आणि जिथे अंगठा होता तिथे काय, तर बारकोड. १९६९ च्या डब्यावर बारकोड. दुकानात पहिला बारकोड स्कॅन झाला जून १९७४ ला, च्युइंग गमच्या पाकिटाचा, ट्रॉय गावात (ओहायोतलं, आमचं मिशिगनचं नव्हे). नवीन पोरांना ट्रेनिंगमध्ये हा किस्सा मीच सांगतो. नखाने खरवडून पाहिलं, स्टिकर नव्हता, छापलेलाच होता. तरी मनाला काय समजावलं, तर नंतर कधीतरी रीपॅक केले असतील. दोन दिवसांवर क्रूझ नसती ना, तर मी थांबलो असतो, खरंच थांबलो असतो.

पॅडची कड तरी बघायची. तिथे घर्षणाची दोन अक्षरं असतात, पहिलं नेहमीच्या तापमानाचं, दुसरं गरम झाल्यावरचं, ई म्हणजे घर्षण ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. माझ्या पॅडवर ती जागा ग्राइंडरने साफ केलेली. मला वाटलं वा, काय फिनिशिंग आहे.

दुसऱ्या दिवशी बसवले, रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नेऊन हळूहळू ब्रेक मारत नवे पॅड डिस्कशी जुळवून घेत होतो. नवव्या-दहाव्या वेळी जळका वास आला, गाडी एका बाजूला ओढायला लागली आणि मग लोखंडावर लोखंड घासल्याचा तो आवाज. चाक काढलं तर डाव्या बाजूचं लायनिंग, म्हणजे पॅडचा घासणारा थर, लोखंडी प्लेटपासून पापुद्र्यासारखं सुटलेलं, डिस्कवर बोट अडकेल एवढ्या चरा. नशीब स्पीड ३० च्या आत होता. टोइंग १४५, दोन डिस्क १२४, आणि नवे पॅड ३८ ला, गल्लीतल्या पार्ट्सच्या दुकानात, शेल्फवरून उचलून दिले पोराने. कारण हा पॅड म्हणजे डी५२ (पॅडच्या आकाराचा नंबर), जीएमच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, कितीतरी गाड्यांना तोच बसतो, दुर्मिळ वगैरे काही नाही. एकूण ७१० डॉलर.

आता बँक. ४७ मिनिटं होल्डवर, मग बाई विचारते पैसे तुम्हीच पाठवले ना? हो. मग हा फ्रॉड नाही, तुम्ही स्वतः ऑथराइज केलंय. म्हणजे चोराने माझा फोन पळवून पाठवले असते तर परत मिळाले असते, मला उल्लू बनवून माझ्याच बोटाने पाठवायला लावले तर नाही! पोलीस म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. मी सुटलेलं लायनिंग पिशवीत घालून घेऊन गेलो होतो, त्यावर तो ऑफिसर म्हणतो छान गाडी आहे, विकायची आहे का. राज्याच्या ग्राहक खात्यात फोन केला तर विकणारा दुसऱ्या राज्यातला, तिकडे करा. तिकडे केला तर तुम्ही इथले रहिवासी नाही. ऑनलाइन तक्रारीचा फॉर्म भरला, दीड तास गेला, एक नंबर मिळाला, त्या नंबरचं पुढे काय करायचं हे कोणालाच माहीत नाही. ब्रेक निकामी करणारा माल विकणं हा गुन्हा नाही तर काय आहे रे बाबांनो, त्या गाडीत माझी पोरगी बसते.

क्रेडिट कार्डनेच द्या. चुकीचा माल आला तर बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी डिस्प्यूट टाकता येतो. कार्ड नको म्हणाला की तिथेच सोडा.

आणि डबा खरा असता तरी काय? त्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं, ज्याची धूळ छातीत गेली की कॅन्सर होऊ शकतो, शिवाय पन्नासेक वर्षं जुना गोंद. बायको परवा शांतपणे म्हणाली, "म्हणजे आपण चारशे डॉलर देऊन ॲस्बेस्टॉस विकत घेत होतो?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. जुन्या ड्रम-डिस्कची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका हो कोणी.

काल तीच जाहिरात परत दिसली. नाव वेगळं, किंमत ४२५, फोटो तेच, अंगठा तिथेच. त्याला फक्त खालचा उजवा कोपरा दाखव म्हणून मेसेज टाकला. लगेच ब्लॉक केलं मला.