पथ्य की गोळी: निकाल सकाळची साखर देते

मधुमेह नव्यानेच निघालाय, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ७ टक्क्यांच्या आसपास आहे, वजन जास्त आहे, अशा वेळी तीन महिने नुसत्या पथ्यावर काढायला हरकत नसते. आकडा ९ च्या वर असेल, सारखी तहान-लघवी असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर मात्र थांबू नये. डॉक्टर देतील ते औषध लगेच सुरू करावे.

पथ्यात ताकद आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात (२०१७) रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० कॅलरींवर ठेवले. वर्षअखेरीस ४६ टक्के जणांची साखर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्यांत हेच प्रमाण ८६ टक्के होते. मधुमेह होऊन फार वर्षे न झालेले, वजनदार रुग्ण होते हे, आणि काम वजन उतरल्याने झाले.

आपल्याकडे गफलत इथेच होते. पोळी सुटली, भाकरी आली की पथ्य झाले असे धरतात. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतातच. कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) भाकरी त्यापेक्षा बरी, कारण टरफलासकट उडदामुळे प्रथिने आणि चोथा वाढतो. पण चवीला छान लागते म्हणून दोनाच्या तीन झाल्या की फायदा गेला. भरताचे वांगे निर्धोक, त्यात पडलेल्या तेलाचा प्रत्येक मोठा चमचा मात्र १२० कॅलरींचा. शेवभाजी गोड नसते, पण शेव तळलेलीच. मध्यम पिकल्या केळ्यात २५ ग्रॅमच्या वर कर्बोदके. रावेर-यावलकडे घरात घड टांगलेला असताना अर्ध्यावर थांबणे सोपे नाही. आखाजीचा (अक्षय तृतीयेचा) आमरस आहे, आणि श्रावणात कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट तर घरच्यांनीच संपवायचे असतात.

तरीही जेवणानंतरची साखर हाताशी येते. आधी भाजी-वरण, शेवटी भाकरी, मग १५ मिनिटे चालणे. पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटर लावला की फरक दिसतो.

हाती लागत नाही ती सकाळची साखर. रात्री आठला अर्धीच भाकरी खाल्ली, तरी पहाटे यंत्र १५० दाखवते. ही साखर ताटातली नसते. रात्रभर यकृत रक्तात साखर सोडत असते. एरवी इन्सुलिन त्याला आवर घालते, पण या आजारात यकृत त्याला नीट जुमानत नाही आणि पहाटेच्या संप्रेरकांनी त्यात भर पडते. वजन बरेच उतरले की हे सुधारते, पण त्याला महिने लागतात. तोवर रोज सकाळचा तो आकडा बघून माणूस खचतो आणि चांगले चाललेले पथ्यही सोडून देतो.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी मुख्यतः याच जागी, यकृतावर काम करते. म्हणून मूत्रपिंड ठीक असेल तर पथ्याच्या जोडीला ही गोळी सुरुवातीपासून असावी, याकडे माझा कल आहे. प्रत्येकाला ते लागू पडेलच असे नाही. वजन उतरल्यावर डॉक्टर ती कमी किंवा बंदही करू शकतात.

गोळीचाही त्रास आहेच. पहिले एक-दोन आठवडे मळमळ, जुलाब होऊ शकतात, म्हणून सहसा रात्रीच्या जेवणासोबत ५०० मिलिग्रॅमने सुरुवात करून हळूहळू वाढवतात. पोट मानत नसेल तर सावकाश विरघळणारी गोळी मागावी; ती चावू वा कुटू नये. उन्हाळ्यात उलट्या-जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले तर डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवावी. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते, शाकाहारी माणसाने ते अधूनमधून तपासावे.

एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइड (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी) जोडलेले असेल तर जाऊ शकते, विशेषतः गोळी घेऊन न जेवता शेतात गेल्यावर किंवा एकादशीला. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे झाले की तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. उपवासाच्या आदल्या दिवशीच त्या गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारून ठेवावे.